२६ व्या वर्षी कॅन्सर झाला, आता सगळं क्लिअर आहे, पण पुढचं काही दिसतच नाही. कोणाला असं झालंय का?

वर्तकनगर_९७

नमस्कार मंडळी, बरेच महिने इथे नुसतं वाचतोय, लिहायला आज बसलो. वय २८, ठाणे. मानेला गाठ आली होती, आधी सगळ्यांना टीबी वाटला, मग बायोप्सी झाली आणि हॉजकिन लिम्फोमा निघाला, म्हणजे लसिका ग्रंथींचा कॅन्सर. एबीव्हीडी नावाची किमो, दर पंधरा दिवसांनी सलाईन लावून, त्यातलं एक औषध लाल रंगाचं असतं, आता कोणी कोकम सरबताचा ग्लास पुढे केला तरी पोटात ढवळतं. मधल्या पेट स्कॅनलाच (शरीरात कॅन्सर कुठे उरलाय ते दाखवणारा स्कॅन) क्लिअर आलो, उरलेली ट्रीटमेंट पूर्ण केली, संपून दीड वर्ष झालं. कामावर परत गेलोय, केस आलेत, वजन तर जरा जास्तच आलंय.

आता प्रॉब्लेम. घरचे घोडबंदरला फ्लॅट बघतायत, कासारवडवलीच्या पुढे, पझेशन २०२९, लोन २० वर्षांचं आणि ते मुख्यतः माझ्या पगारावर कारण बाबा दोन-तीन वर्षांत रिटायर होतील. गेल्या रविवारी साइटवर गेलो, सेल्सवाली मुलगी एकदम उत्साहात, सर मास्टर बेडरूममधून खाडीचा व्ह्यू आहे, सर हा छोटा रूम पुढे मुलांसाठी होईल, आणि मी नुसता मान हलवत होतो, आई-बाबा टाइल्स बघत होते आणि माझं डोकं २०२९ पर्यंत पोचतच नव्हतं. दुःख वगैरे काही नाही, फक्त तिकडे काही दिसतच नाही. आमच्या सोसायटीतले भाडेकरू दर ११ महिन्यांनी लीव्ह अँड लायसन्स रिन्यू करतात ना, तसं झालंय माझं. फॉलोअपला डॉक्टर 'सगळं ठीक' म्हणाले की पुढचे काही महिने आपले, त्यापुढचं घरमालक ठरवणार.

आणि दुसऱ्या बाजूला सगळ्यांना वाटतं की मला काहीतरी साक्षात्कार झालाय. मावशी म्हणते पुनर्जन्म झाला रे तुझा, आता तुला आयुष्याची किंमत कळली असेल. ऑफिसमध्ये मॅनेजरने टीम मीटिंगला मला उभं करून दोन शब्द बोलायला लावलं, इन्स्पायरिंग काहीतरी, मी काय बोललो ते मलाच आठवत नाही पण लोकांनी टाळ्या वाजवल्या. खरं सांगायचं तर मला काहीही कळलेलं नाहीये. माजिवड्याच्या सिग्नलला अडकलो की मी आधी द्यायचो त्याच शिव्या आजही देतो, आयपीएल बघताना तसाच ओरडतो, आईशी तशीच भांडणं.

डॉक्टर स्कॅनसुद्धा करत नाहीत. मान, काखा चाचपतात, ब्लड टेस्ट बघतात, या पुढच्या वेळी. मी म्हटलं पेट करूया का, तर म्हणे गरज नाही. म्हणजे माझ्या आत काय चाललंय ते कोणी बघतच नाहीये.

तर प्रश्न हा, ज्यांना तरुण वयात झाला त्यांनाच विचारतोय, तुमचा आयुष्याकडे बघायचा दृष्टिकोन खरंच बदलला का? कधी? की हे सगळं नुसतं बोलायचं असतं? आणि ते लांबचं दिसायला परत कधी लागतं?

---

मामलेदार_तिखट

कॅन्सरचा अनुभव नाही त्यामुळे सल्ला देत नाही. एवढंच सांगतो की माजिवड्याला शिव्या न देणारा ठाणेकर कोणाला सापडला तर आधी त्याची तपासणी करा. वाचतोय.

---

खारघरची_सकाळ

वाचून हसू पण आलं आणि पोटात कालवलं पण. मी ३७, ब्रेस्ट कॅन्सर ३१ व्या वर्षी. 'या वयात? शक्यच नाही' हे मी इतक्या लोकांकडून ऐकलं की शेवटी रिपोर्ट हातात आल्यावर मलाच त्यांची समजूत काढावी लागली.

तुझ्या प्रश्नाचं सरळ उत्तर, पहिली दोन वर्षं काही बदललं नाही. उलट जास्त चिडकी झाले. घरात कोणाला सर्दी झाली आणि 'आज फार बरं नाहीये गं' म्हणालं की मनात यायचं, हो का, अरे वा. हे कोणाला बोलून दाखवायची सोय नव्हती कारण मी तर आता शांत, समजूतदार, आयुष्याची किंमत कळलेली सून होते ना. नवरा बिचारा समजून असायचा. सासूबाईंनी सत्यनारायण घातला, प्रसादाला आलेली प्रत्येक बाई माझ्या केसांकडे आधी बघायची आणि मग तोंडाकडे.

माझा हार्मोनवर वाढणारा प्रकार, म्हणून किमो, ऑपरेशन, रेडिएशन सगळं झाल्यावर टॅमॉक्सिफेनची हार्मोन अडवणारी गोळी रोज, निदान पाच वर्षं, काहींना दहा. ती चालू असताना प्रेग्नंट राहायचं नाही. आम्हाला तर मूल हवं होतं. किमोच्या आधी एका ज्युनिअर डॉक्टरने स्वतःहून विषय काढला म्हणून एम्ब्रियो (लॅबमध्ये तयार केलेले गर्भ) फ्रीझ करून ठेवले होते, नाहीतर त्या गडबडीत हे कोणाच्या डोक्यातच आलं नसतं. (तरुण मुलामुलींनो, हे वाचत असाल आणि किमो सुरू व्हायची असेल तर हा प्रश्न आज विचारा, उद्या नको.) मग २०२३ मध्ये एक मोठा अभ्यास आला, नावच त्याचं पॉझिटिव्ह, त्यात ४२ वर्षांपर्यंतच्या अशा बायकांनी दीड ते अडीच वर्षं गोळी घेतल्यावर मुलासाठी ती जास्तीत जास्त दोन वर्षं थांबवली होती, आणि पहिल्या काही वर्षांत तरी त्यांच्यात कॅन्सर परतण्याचं प्रमाण वाढलेलं दिसलं नाही. लांबचं काय ते अजून बघतायत. आमच्या डॉक्टरांनी कागदावर फायदे-तोटे लिहून दिले आणि म्हणाल्या ठरवा.

आता गंमत बघ. तोपर्यंत मी पण तुझ्यासारखीच, फॉलोअप ते फॉलोअप जगणारी. पण गोळी बंद करायची तारीख ठरवायची म्हटल्यावर मला जबरदस्तीने पुढचं मोजावं लागलं. या महिन्यात बंद, मग काही महिने थांबायचं, मग एम्ब्रियो ट्रान्सफर, म्हणजे पुढच्या वर्षीचा गणपती, त्याच्या पुढची दिवाळी. किती वर्षांनी मी कॅलेंडरचं पुढचं पान उलटलं असेन. धीर आला म्हणून उलटलं नाही, काम पडलं म्हणून उलटलं.

मूल झालं नाही. प्रयत्न केले, नाही राहिलं. आता गोळी परत चालू आहे. त्याचं वाईट वाटतं, अजून वाटतं, पण ती पुढचं बघायची सवय मात्र गेली नाही, ती राहिली. आता भाचीच्या दहावीच्या क्लासचं मीच बघते, ती आत्ता सातवीत आहे.

बाकी साक्षात्काराचं म्हणशील तर मला एकच झालाय. फॉलोअपची फाइल मी बिग शॉपरमध्ये घालून वर ओढणी टाकून नेते, कारण स्टेशनबाहेर ती फाइल दिसली की रिक्षावाले 'टाटा, टाटा' करत धावत येतात. सेक्टर २२ ला टाटाचंच कॅन्सर हॉस्पिटल अ‍ॅक्ट्रेक असल्यामुळे त्यांना सवयच आहे, चांगलेच असतात बिचारे, कित्येकदा गावाकडून आलेल्या पेशंटला हात धरून बसवतात. पण मला काही काही दिवशी नुसतं शेअर रिक्षात बसून उत्सव चौकात उतरायचं असतं.

---

प्रसन्नमन_नेरूळ

नमस्कार. माझे वय ६४, कॅन्सर नाही पण बायपास झालेली आहे, त्यामुळे मृत्यू जवळून पाहिला आहे. वर्तकनगर यांना सांगावेसे वाटते की आपण फार नकारात्मक विचार करत आहात. मन प्रसन्न तर पेशी प्रसन्न. नकारात्मक विचारांनीच रोग परत येतो हे लक्षात ठेवा. साखर पूर्ण बंद, गव्हांकुराचा रस रोज, आणि पहाटे चालायला जा, मी रोज ज्वेल ऑफ नवी मुंबईला तीन फेऱ्या मारतो. आई-वडिलांसाठी तरी हसत राहा. शुभेच्छा.

---

डेकेअर_सिस्टर

काका, चालायला जा हे अगदी बरोबर, ते मी माझ्या पेशंटना पण सांगते. पण नकारात्मक विचारांनी रोग परत येतो हे प्लीज कोणाला सांगू नका. एक तर तसं सिद्ध झालेलं नाही. आणि दुसरं म्हणजे त्या मुलांचं काय होतं माहितीये का, त्यांना भीती तर वाटतेच, मग भीती वाटली की 'आता मला भीती वाटली म्हणून तो परत येणार' अशी दुसरी भीती वाटायला लागते. रात्री दोन वाजता मेसेज येतात मला असे.

मी बरीच वर्षं किमो डे केअरला नर्स आहे, कुठे ते सांगत नाही. वर्तकनगर, तू लिहिलंयस ते इतकं कॉमन आहे. ट्रीटमेंट चालू असताना तुमच्या वयाची मुलं खंबीर असतात, जोक्स मारतात, आम्हालाच हसवतात. शेवटच्या डोसला केक कापतात, आमच्यासोबत फोटो काढतात, आणि पुढच्या आठवड्यात फोन करतात की सिस्टर, आता मी काय करू? तोपर्यंत दर पंधरा दिवसांनी कोणीतरी नाडी बघत होतं, एकदम सगळे आपापल्या घरी जातात. खरी पडझड तेव्हा होते आणि तेव्हा सगळे म्हणतात, झालं ना आता बरं?

स्कॅनचं सांगते. लक्षणं काही नसताना हॉजकिनमध्ये दर वेळी पेट-सीटी करत बसत नाहीत आता. फायदा फार थोडा, रेडिएशन फुकट, आणि खोट्या अलार्मने माणूस अर्धा होतो, साधा इन्फेक्शनचा डाग दिसला की परत सुई, परत बायोप्सी. परतायचा असेल तर हा आजार बहुतेक वेळा पहिल्या दोन-तीन वर्षांत परततो आणि पुष्कळदा पेशंटलाच आधी कळतं, नवीन गाठ, कारण नसताना ताप, वजन उतरणं, रात्री अंथरूण भिजेल असा घाम (मे महिन्यात ठाण्यात सगळ्यांनाच येतो तो नव्हे). असं काही झालं तर तारखेची वाट न बघता जायचं. आणि परतला तरी हॉजकिनमध्ये तिथे रस्ता संपत नाही, दुसऱ्या फळीची औषधं आहेत, स्वतःच्याच स्टेमसेल वापरून ट्रान्सप्लांट आहे. तुझे डॉक्टर बघत नाहीयेत असं नाही, ते चाचपतात तेच बघणं आहे.

त्यापेक्षा महत्त्वाचं म्हणजे तुझी डिस्चार्जची कागदपत्रं नीट ठेव, कुठलं औषध किती मिळालं ते लिहिलेला कागद असतो तो फोटो काढून फोनमध्ये ठेव. ते लाल औषध हार्टवर परिणाम करू शकतं, एबीव्हीडीतलंच दुसरं, ब्लिओमायसिन, फुप्फुसांवर, म्हणून पुढे कधी कुठलंही ऑपरेशन असलं, अगदी पंचेचाळिसाव्या वर्षी गॉलब्लॅडरचं, तरी भूल देणाऱ्या डॉक्टरला हे सांगायचं. मानेला-छातीला रेडिएशन झालं असेल तर थायरॉइड दर वर्षी. सिगरेट नको. बघ, मी तुला पंचेचाळिसाव्या वर्षाचं सांगतेय, उगाच नाही सांगत.

तुमच्या वयोगटाला, म्हणजे १५ ते ३९, जगभर आता वेगळं धरतात कारण तुम्ही ना लहान मुलांच्या वॉर्डात बसता ना आजोबांच्या. टाटामध्ये लहानपणी कॅन्सर झालेल्यांसाठी ट्रीटमेंटनंतरची अ‍ॅक्ट क्लिनिक १९९१ पासून आहे, त्यातून बाहेर पडलेली मोठी मुलं उगम नावाच्या ग्रुपमध्ये एकमेकांना भेटतात, २००९ पासून. मोठेपणी झालेल्यांसाठी इतकं बांधलेलं काही नाही हे खरं आहे, तुम्ही मधेच लटकता. पण तुझ्या हॉस्पिटलमध्ये सायको-ऑन्कोलॉजीचे, म्हणजे कॅन्सर पेशंटच्या मनाचं बघणारे लोक असतील, ओपीडीला विचार. आणि रात्री फारच झालं तर टेलिमानस या मानसिक आरोग्याच्या हेल्पलाइनचा सरकारी नंबर १४४१६, फुकट आहे, मराठीत बोलतात.

---

वर्तकनगर_९७

अरे बापरे, एवढं कोणी लिहील असं वाटलं नव्हतं. सिस्टर, थँक्यू, ते दुसऱ्या भीतीचं वाचून मी पाच मिनिटं गप्प बसलो कारण तंतोतंत तसंच होतं. काका, तुम्ही पण मनापासून लिहिलंय हे कळतं, गव्हांकुर आईने ऑलरेडी लावलेत बाल्कनीत, सुटका नाही.

खारघरताई, तुमचं परत परत वाचतोय. फाइल लपवायचं वाचून एक आठवलं. किमोच्या दिवसांत मी ठाण्याहून परळला दिव्यांगांच्या डब्यातून जायचो, कॅन्सर पेशंटला चालतं त्यात. टोपी, मास्क, पण बाकी तरुण पोरगा, धडधाकट दिसायचो. एकदा मुलुंडला एक काका चढले, बगलेत कुबडी, मला म्हणाले काय रे, तुला काय झालंय इथे बसायला? मी काही न बोलता फाइल उघडून वरचा कागद दाखवला. त्यांनी वाचला, नीट, पूर्ण वाचला. मी उठायला लागलो तर खांद्यावर हात ठेवून खाली बसवलं आणि स्वतः भांडुप, कांजूर, विक्रोळी करत दादरपर्यंत दाराजवळ उभे राहिले, कोणी जागा दिली तरी बसले नाहीत. आता मी जनरलमध्ये चेंगरून जातो, कोपर मारतो, कोणाला माहीत नसतं मला काय होतं, आणि मला ते बरं वाटतं की तो डबा आठवतो हेच कळत नाही. पास झाल्यावर शाळेत परत जाऊन बसावंसं वाटतं तसलं काही नाही हां, तिकडे परत जायचं नाहीये मला. पण तिथे सगळ्यांना माहीत होतं मी कोण ते.

लोनचं अजून एक. बँकवाला म्हणतो लोनसोबत इन्शुरन्स घ्यावाच लागेल, फॉर्ममध्ये कॅन्सर झाला होता का असं स्पष्ट विचारलंय, बाबा म्हणतात 'नाही' लिही, आता बरा झालायस ना. मी म्हटलं मग घेऊच नको फ्लॅट. त्यावरून घरात अबोला आहे.

---

ऐरोली_नाइटशिफ्ट

भावा, मी ३९. तुझ्याएवढा असताना टेस्टिक्युलर झाला. तरुण पुरुषांमध्ये होणाऱ्या कॅन्सरमधला हा अगदी कॉमन, पण मराठी घरात त्याचं नाव घ्यायची सोय नाही, त्यामुळे आईने सगळ्या नातेवाइकांना हर्निया सांगितलं. मग किमो झाली, डोक्याचा चकोट झाला, आणि डोंबिवलीच्या आत्याने भर हॉलमध्ये विचारलं की हर्नियाने केस कसे जातात. आई आतमध्ये पोहे करायला गेली ती अर्धा तास बाहेर आली नाही.

मला सगळे युवराजचं उदाहरण द्यायचे. त्याचा माझ्याच आजाराच्या खानदानातला, फक्त छातीत, दोन फुप्फुसांच्या मध्ये. २०११ चा वर्ल्ड कप, मॅन ऑफ द टूर्नामेंट, मग अमेरिकेत किमो, आणि सप्टेंबर २०१२ मध्ये टी-ट्वेंटी वर्ल्ड कपला परत टीममध्ये. इथपर्यंत सगळे सांगतात, टाळ्या. पुढचं कोणी सांगत नाही. पुढे तो टीममधून आत-बाहेर होत राहिला, वनडेत तर २०१३ च्या शेवटापासून तीन वर्षं नव्हताच. कटकला इंग्लंडला १५० मारले, त्याच्या वनडे करिअरमधला सगळ्यात मोठा स्कोअर, ते जानेवारी २०१७ मध्ये. मधे काढलेली ती वर्षं बघ. लोकांना वाटतं माणूस हॉस्पिटलमधून निघतो तो डायरेक्ट स्टेडियममध्ये. तुला तर दीडच वर्ष झालंय, तू आत्ता डोमेस्टिक पण सुरू केलेलं नाहीस.

माझं तुझ्या उलट झालं होतं. मला पण लांबचं काही दिसत नव्हतं, पण मी त्यावर बुलेट काढली. लेह, स्पिती, गोवा, क्रेडिट कार्ड घासून घासून पांढरं झालं, एफडी मोडली. सगळे म्हणायचे बघा, हा कसा आयुष्य भरभरून जगतो. मजा आली हे खरं आहे, एक रुपयाचा पश्चात्ताप नाही, पण आतून मी तेच करत होतो जे तू साइटवर मान हलवून केलंस, तू २०२९ बघितलं नाहीस आणि मी पुढच्या महिन्याचं बिल. बाहेरून तुझं डिप्रेशन दिसतं आणि माझं इन्स्पिरेशन दिसायचं, एवढाच फरक.

मग लग्नाचं सुरू झालं. बायोडाटात रास, नाडी, गण, देवक, सगळं, आणि आईने शेवटी टाइप केलं, 'आरोग्य उत्तम'. मी म्हटलं मी भेटल्यावर स्वतः सांगणार, नाहीतर भेटत नाही. बऱ्याच ठिकाणी 'आम्ही कळवतो' झालं, कळवलं कोणीच नाही. एकीला तलावपाळीला भेटलो, भेळ खाता खाता सांगून टाकलं, काय झालं होतं, काय काढलं, आणि किमोच्या आधी स्पर्म बँकेत ठेवलेत ते पण. ती अकाउंटंट. ती म्हणाली, त्यांचं दर वर्षीचं भाडं किती? मी आकडा सांगितला. म्हणाली महाग आहे, दोन-तीन वर्षांचं एकदम भरलं तर डिस्काउंट देत नाहीत का? शपथ सांगतो, त्या दिवसापर्यंत मी ते दर वर्षी रिन्यू करायचो, तुझ्या त्या भाडेकरूंसारखं. तीन वर्षांचं एकदम भरायचं असतं हे डोक्यातच आलं नव्हतं. लग्नानंतर तिने पहिलं काम ते केलं.

कानात अजून शिट्टी वाजते, सिसप्लॅटिन नावाच्या किमोच्या औषधाची भेट. नाइट शिफ्टला शांतता झाली की जास्त. रोज ऐकू येते त्यामुळे विसरायला होत नाही, पण घाबरायला पण होत नाही आता, पंखा चालू असला की कळतच नाही.

फ्लॅट घे किंवा नको घेऊस, तो तुमचा हिशोब. पण २०२९ दिसत नाही म्हणून सोडू नकोस. २०२९ त्या बिल्डरला पण दिसत नाहीये.

---

खारघरची_सकाळ

शेवटच्या वाक्याला माझं अनुमोदन, आमचं पझेशन तीन वर्षं लेट झालं होतं.

वर्तकनगर, बाबांचं 'नाही लिही' हे वेगळं बघ जरा. त्यांना पण ते कागदावर बघवत नसेल. माझ्या वडिलांनी अजून माझ्यासमोर कॅन्सर हा शब्द उच्चारलेला नाही, 'तेव्हाचं ते' म्हणतात. पण लिहायचं खरंच, त्यात तडजोड नाही.

---

कोपरी_लोनवाला

बँकेत आहे, कुठल्या ते जाऊ दे. नीट वाचा.

होमलोनसोबत लाइफ इन्शुरन्स घेणं कायद्याने सक्तीचं नाही. टार्गेट असतात म्हणून 'घ्यावाच लागेल' म्हणतात. शांतपणे लेखी मागा की कुठल्या नियमाने सक्ती आहे, आवाज खाली येतो. न घेता लोन होतं, पगार आणि सिबिल बघून होतं.

इन्शुरन्सच्या फॉर्मवर खोटं लिहू नका. काही झालं तर पहिला तोच कागद काढतात आणि क्लेम अडकतो, म्हणजे हप्ते भरून पण आई-बाबांच्या हातात काही नाही. खरं लिहा, बहुतेक आत्ता नाही म्हणतील किंवा पुढे ढकलतील, ट्रीटमेंट संपून काही वर्षं झाली की काही कंपन्या जास्त प्रीमियम लावून घेतात, तेव्हा परत विचारा. मेडिक्लेमचं थोडं बरं झालंय, २०२४ पासून आधीच्या आजारासाठी वेटिंग जास्तीत जास्त ३ वर्षं, आधी ४ होती. पॉलिसी द्यायची की नाही हे कंपनी ठरवते, पण मिळाली तर घड्याळ आजपासून सुरू होतं, म्हणून आत्ताच अर्ज करा. नोकरीतली ग्रुप पॉलिसी सोडू नका, त्यात बहुतेक वेळा आधीचे आजार पहिल्या दिवसापासून कव्हर असतात. नोकरी बदलताना पगाराच्या आधी हे विचारा.

इन्शुरन्सशिवाय लोन घेणार असाल तर रक्कम कमी ठेवा, टूबीएचकेच्या ऐवजी वन प्लस काहीतरी बघा. बाबांचे रिटायरमेंटचे पैसे येतील तेव्हा पार्ट पेमेंट करा, फ्लोटिंग रेटच्या लोनवर वैयक्तिक कर्जदाराला त्याचा दंड लागत नाही. आणि प्रोजेक्टची खरी तारीख महारेराच्या साइटवर बघा, सेल्सवालीने सांगितलेली नको.

---

वर्तकनगर_९७

दादा, हे प्रिंट काढून बाबांना दिलं. वाचलं त्यांनी, चष्मा लावून. काही बोलले नाहीत पण थोड्या वेळाने विचारलं की पार्ट पेमेंट म्हणजे वर्षातून किती वेळा करता येतं.

महारेरावर तारीख २०३० आहे. सेल्सवाली २०२९ म्हणत होती. मला एकदम राग आला की अख्खं एक वर्ष खोटं बोलली, आणि मग हसायला आलं, आई म्हणाली काय झालं रे, तिला कसं सांगू.

फॉलोअप पुढच्या महिन्यात आहे, सायको-ऑन्कोलॉजीची ओपीडी कधी असते ते विचारणार आहे. ऐरोली भाऊ, माझ्या फिजिओला, म्हणजे डॉक्टरांना, मी बुलेट चालवलेली चालेल का ते पण विचारतो. रविवारी परत साइटवर चाललोय, या वेळी वन प्लसचा फ्लॅट दाखवा म्हणणार, पार्किंगचं पण विचारायचंय, मागच्या वेळी मी काहीच विचारलं नव्हतं.

---

मामलेदार_तिखट

पार्किंग नंतर. आधी पाणी विचार. घोडबंदरला उन्हाळ्यात टँकर लागतो, त्याचा खर्च मेंटेनन्समध्ये धरलाय की वेगळा ते लेखी घे. आणि सकाळी नऊला जाऊन बघ, रविवारी दुपारी नको, रविवारी सगळे रस्ते मोकळेच दिसतात.